तोरेस देल पाइने: प्राणी बघायला पहिल्यांदा पातागोनियात जाताना

चिलीच्या दक्षिण टोकाकडच्या तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतो. निळंहिरवं तळं आणि त्याच्या मागे सरळ उभे ग्रॅनाइटचे तीन सुळके. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण तो फोटो काढायलाच जातात. पुएर्तो नातालेस गावातून सकाळी बस, पाच-सहा थांबे, संध्याकाळी परत. वाटेत ग्वानाको, म्हणजे उंटाच्या कुळातले तिथले चरणारे प्राणी, दिसतात, नशीब असेल तर आभाळात काँडोर हे प्रचंड गिधाड दिसतं, आणि घरी आल्यावर सांगितलं जातं की डोंगर सुंदर, पण प्राणी फारसे नाहीत.

हे अगदी चुकीचं आहे. प्यूमासारखं मोठं मार्जार दिवसाउजेडी, उघड्या माळावर, पायी चालत बघता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत, आणि ही त्यातली एक. फक्त तिथे प्राणी बघायची रीत वेगळी आहे. जिप्सी नाही, ठरलेली सफारी नाही, ‘साइटिंग’ची हमी देणारं कुणी नाही. एका जागी बसायचं आणि ग्वानाकोंवर नजर ठेवायची, एवढंच काम. ते जमण्यासाठी घरून निघण्याआधीच काही गोष्टी नीट ठरवाव्या लागतात. त्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: नकाशाचे दोन भाग करा

उद्यान साधारण सव्वादोन लाख हेक्टरांचं आहे. १९५९ मध्ये ते स्थापन झालं, १९७८ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. पण नवख्या माणसाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: पश्चिम आणि पूर्व या दोन पूर्णपणे निराळ्या जागा आहेत.

पश्चिमेला दक्षिण पातागोनियाचं प्रचंड हिमक्षेत्र आहे. ग्रे हिमनदी तिथूनच उतरते. हा भाग ओला, ढगाळ आणि लेंगा नावाच्या झाडांच्या जंगलाचा. पाऊस-बर्फ बहुतेक तिथेच पडून जातो, त्यामुळे पूर्वेला उरतो तो कोरडा वारा आणि गवताळ माळ. कोइरोन नावाच्या ताठ गवताचे पुंजके, काटेरी झुडपांच्या गोल गाद्या, मधूनमधून खाऱ्या पाण्याची तळी. लागुना आमार्गा, सार्मिएंतो आणि लागुना आसुल ही नावं नकाशावर शोधा आणि त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल काढा. ग्वानाको इथे, म्हणून प्यूमाही इथे.

प्रसिद्ध ‘डब्ल्यू’ ट्रेक मुख्यतः डोंगराच्या पायथ्याने आणि दऱ्यांमधून जातो. चार-पाच दिवसांचा, अतिशय देखणा आहे, पण तो प्राणी बघण्याचा ट्रेक नव्हे. दोन्ही हवं असेल तर दोन्हींना वेगळे दिवस द्या. ट्रेक करताना वाटेत प्यूमा दिसेल या आशेवर जाऊ नका.

दुसरी पायरी: महिना निवडा

तिथले ऋतू आपल्या उलट. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथल्या थंडीची सुरुवात. रिफ्युजिओ, म्हणजे ट्रेकच्या वाटेवरची मुक्कामाची घरं, त्या काळात बरीचशी बंद असतात आणि डोंगरातल्या वाटांवर गाइडशिवाय जाता येत नाही. दिवाळीची सुट्टी मात्र तिथल्या वसंतात पडते, आणि शाळकरी मुलांच्या घरांसाठी तीच सोयीची.

नोव्हेंबर अखेरीपासून ग्वानाकोंची पिल्लं जन्मू लागतात. या पिल्लांना तिथे ‘चुलेंगो’ म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत माळ त्यांनी भरून जातो. उजेड रात्री दहापर्यंत असतो, मात्र गर्दी, दर आणि वारा, तिन्ही याच काळात कळसाला असतात. शिवाय पहाट पाच-साडेपाचला होते, म्हणजे प्यूमासाठी चारला उठणं आलं.

माझं मत विचाराल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा. लेंगाची पानं लालभडक झालेली असतात, गर्दी ओसरलेली असते, वारा नरमलेला असतो, आणि सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे म्हातारी माणसंसुद्धा पहाटेच्या फेरीला येऊ शकतात. प्राणी पाहायला ट्रॅकर, म्हणजे प्राण्यांचा माग काढणारे स्थानिक वाटाडेही, भर उन्हाळ्यापेक्षा मागचा-पुढचा काळच पसंत करतात.

तिसरी पायरी: कागदपत्रं, लस आणि डब्यातला खाऊ

भारतीय पासपोर्टला चिलीचा व्हिसा लागतो. वैध अमेरिकी व्हिसा असणाऱ्यांसाठी सवलतीची तरतूद आहे, पण ती अटींसह आहे. विमानाचं तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या चिलीच्या दूतावासाकडून चालू नियमाची खात्री करून घ्या. अर्जेंटिनातल्या एल कालाफातेहून बसने येणार असाल तर त्या देशाचा व्हिसा वेगळा, आणि चिलीत पुन्हा शिरायचं असेल तर एकाहून अधिक प्रवेशांची परवानगी हवी.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. चिलीत पीतज्वर (यलो फीव्हर) नाही. पण मुंबईहून तिथे थेट विमान नसल्याने अनेक जण आदिस अबाबा, साओ पाउलो अशा मार्गाने जातात, आणि इथिओपिया व ब्राझील हे दोन्ही देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. तिथून परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम महिनाभर आधी उरका. युरोपमार्गे थेट सान्तियागो गाठणार असाल तर हा प्रश्नच येत नाही.

सान्तियागोला उतरल्यावर शेतीखात्याची तपासणी असते. ही यंत्रणा ‘साग’ या नावाने ओळखली जाते आणि ती फार कडक आहे. चिलीची फळशेती वाळवंट, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सुरक्षित राहिली आहे, बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून ते जिवापाड जपतात. ताजी फळं, भाज्या, बिया, मध, मांस, घरगुती दुधाचे पदार्थ यांतलं काहीही न्यायचं नाही. आपल्या सामानात अडचणीचं काय ठरतं, तर सुटे अख्खे मसाले, मेथीदाणे, कच्चे शेंगदाणे, घरचं तूप, पूजेचा नारळ. कारखान्यात बंद केलेली, लेबल असलेली पाकिटं सहसा सुटतात. नियम सोपा ठेवा: प्रतिज्ञापत्रात ‘खाद्यपदार्थ आहेत’ यावर खूण करा आणि सगळं उघडून दाखवा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, दंड होतो तो लपवलेल्या वस्तूला. विमानात मिळालेलं सफरचंद पिशवीत राहिलं तरी तो गुन्हाच.

पासपोर्ट तपासताना पोलीस एक छोटी पावती देतात. ती जपून ठेवा. परदेशी पाहुण्याने हॉटेलचं बिल डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डाने भरलं आणि पासपोर्टबरोबर ही पावती दाखवली, तर खोलीच्या भाड्यावरचा १९ टक्के कर माफ होतो.

चौथी पायरी: पोहोचणं आणि कुठे राहायचं

सान्तियागोहून पुन्ता आरेनासला सुमारे साडेतीन तासांचं विमान, तिथून पुएर्तो नातालेसपर्यंत तीन तासांची बस. मोसमात नातालेसला थेट विमानंही असतात. ती मिळाली तर एक दिवस वाचतो. घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे असतं. या प्रदेशात ते वर्षभर बदलत नाही, सान्तियागोत मात्र हिवाळ्यात एक तास मागे जातं. एप्रिलमध्ये परतीची विमानं जुळवताना हे पाहून घ्या.

नातालेसहून उद्यानाचं लागुना आमार्गा गेट बसने सुमारे दोन तासांवर आहे. इथेच नवखे लोक पैसे वाचवायला जातात आणि प्राणी गमावतात. गावात राहिलात तर पहिल्या बसने पोहोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि प्यूमा झोपलेला. गावातल्या चार स्वस्त रात्रींपेक्षा उद्यानात किंवा पूर्वेच्या सीमेलगत काढलेल्या दोन रात्री कितीतरी मोलाच्या. आतली हॉटेलं महाग आहेत हे खरं, पण कॅम्पिंगच्या जागा आणि रिफ्युजिओही आहेत. बुकिंगशिवाय आत मुक्काम करता येत नाही, आणि डिसेंबर-फेब्रुवारीच्या जागा कित्येक महिने आधी भरतात. तंबू तिथेच भाड्याने मिळतो, तोच घ्या. आपल्याकडचा हलका तंबू तिथल्या वाऱ्यात एक रात्रही टिकणं कठीण.

प्रवेशाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि फोनमध्ये उतरवून ठेवा. तीन दिवसांपर्यंतचं आणि त्याहून जास्त दिवसांचं, असे दोन प्रकार असतात. गेटवर नेटवर्कचा भरवसा धरू नका.

चौघं असाल तर गाडी भाड्याने घ्या. आतले रस्ते खडीचे आहेत, हळू चालवा. उद्यानात पेट्रोल पंप नाही, नातालेसहून टाकी भरूनच निघा. आणि दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरा. वारा दार हिसकावून उलटं फिरवतो, बिजागऱ्या तुटतात, आणि त्याची भरपाई विम्यात बहुतेक वेळा नसते. गाडी वाऱ्याकडे तोंड करूनच उभी करायची.

पाचवी पायरी: सामान

वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जातो. छत्री, पोंचो, सैल टोपी यांचा काही उपयोग नाही. वारा आत न शिरणारं चांगलं जॅकेट, पातळ लोकरीचे दोन थर, कान झाकणारी टोपी, हातमोजे, घट्ट बसणारा गॉगल. दक्षिणेतलं ऊन भाजतं, सनस्क्रीन लावाच. सह्याद्रीत वापरलेले, पायात बसलेले बूट नवीन महागड्या बुटांपेक्षा बरे.

दुर्बीण मात्र माणशी एक हवी. मोठी लेन्स नसली तरी चालेल, दुर्बीण नसेल तर निम्मी सहल वाया जाते. ८×४२ ची साधी दुर्बीणही पुरते. ड्रोन घरी ठेवा, तिथे मनाई आहे.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच तसं कळवा. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगितलं तर ताटात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो, म्हणून ‘नि पोयो, नि पेस्कादो’ हेही म्हणा. मसूर, बीन्स, भात, बटाटे, पाव आणि अवाकाडो सगळीकडे मिळतं. सुका मेवा, चीज आणि पाव नातालेसच्या दुकानातच घ्या, आतमध्ये सगळ्याचे भाव चढे.

सहावी पायरी: ग्वानाको वाचायला शिका

आता खरं काम. ताडोबात चितळाचा कॉल आला की जिप्सी थांबवून कान टवकारणाऱ्यांना इथलं अर्धं शास्त्र आधीच येतं. इथे चितळाच्या जागी ग्वानाको.

ग्वानाको हा उंटाच्या कुळातला, लामाचा रानटी पूर्वज. अंगावर दालचिनी रंगाची लोकर, पोट पांढरं, तोंड करडं. वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणजे तिथल्या प्यूमाहून बहुधा जास्तच. एक नर, काही माद्या आणि त्यांची पिल्लं असा कळप, शिवाय तरुण नरांची वेगळी टोळी. ते ठरावीक जागीच लेंड्या टाकतात. माळावर काळ्या लेंड्यांचा मोठा ढीग दिसला, तर तो त्यांच्या रोजच्या वापरातला इलाका समजा.

गाडी थांबवा, इंजिन बंद करा, आणि पंधरा-वीस मिनिटं एका कळपाकडे बघत राहा. बहुतेक माना गवतात असतील. एखादा टेकाडाच्या कडेवर एकटाच उभा असेल, तो पहारेकरी. त्याचे कान बघा. कान ढिले, मान इकडेतिकडे वळतेय, म्हणजे सगळं ठीक. अचानक तो ताठ होतो, दोन्ही कान पुढे, नजर एकाच झुडपावर खिळलेली. मग त्याच्या घशातून एक कापरा, चिरका, खिंकाळण्यासारखा आवाज फुटतो. दुसरा मान वर करतो, तिसरा करतो, आणि हळूहळू सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. त्या नजरांची रेघ जिथे मिळते तिथे दुर्बीण लावा. प्राणी लगेच दिसणार नाही. प्यूमाचा रंग सुक्या गवताचाच असतो, तो हलला तरच दिसतो. अर्धा तास गेला तरी तिथून हलू नका.

एक फसवी गोष्टही सांगतो. दोन नर एकमेकांचा पाठलाग करत, पायाला चावे घेत किंचाळत पळतात, त्या आरडाओरड्याचा प्यूमाशी काही संबंध नसतो. कळपातले बाकीचे निवांत चरत असतील तर ते भांडण समजायचं. आणि माणसांकडे बघून ग्वानाको सहसा कॉल देत नाहीत, त्यांना रस्त्याची सवय झालेली आहे.

आकाशाकडेही लक्ष ठेवा. प्यूमा शिकार एका दिवसात संपवत नाही. गवत-काटक्या ओढून मढं झाकतो आणि काही दिवस तिथे येत राहतो. काँडोर आणि काराकारा पक्षी एकाच जागी खाली उतरत असतील, तर तिथे मढं आहे. ते उतरूनही लांबच बसून राहिले असतील, तर धनी जवळपास असण्याची शक्यता मोठी.

रस्त्याकडेच्या तारांच्या कुंपणावर ग्वानाकोचं वाळलेलं कातडं आणि हाडं लटकलेली दिसतील. नवख्याला वाटतं, कुणी मारून टांगलंय. तसं नाही. उडी मारताना मागचा पाय दोन तारांच्या मध्ये अडकतो आणि ते तिथेच मरतात, पिल्लं तर फार. ही कुंपणं मेंढ्यांच्या काळातली. उद्यान होण्याआधी ही सगळी जमीन मेंढीपालकांची होती. मेंढ्यांसाठी प्यूमा मारले जात, आणि सत्तरच्या दशकात इथे ग्वानाकोही फार थोडे उरले होते. शिकार थांबली, मेंढ्या गेल्या, ग्वानाको वाढले, त्यांच्यामागे प्यूमाही सावरला. आज जे दिसतं ते त्या निर्णयामुळे. मला ही गोष्ट त्या सुळक्यांपेक्षाही मोठी वाटते.

सातवी पायरी: ट्रॅकर घ्यावा का?

परवडत असेल तर एक दिवस नक्की घ्या. उद्यानात आखलेली वाट सोडून चालायला मनाई आहे, म्हणून तिथे प्यूमा दिसला तर रस्त्यावरूनच बघायचा. पूर्वेला लागून खासगी एस्तान्सिया, म्हणजे कुरणांचे जुने मळे आहेत. त्यातल्या काहींनी आता प्यूमा-दर्शनाला परवानगी दिली आहे, आणि तिथे स्थानिक ट्रॅकरबरोबर पायी जाता येतं. शुल्क वेगळं आणि बरंच असतं, पण प्यूमा मारण्यापेक्षा दाखवण्यात जास्त कमाई आहे हे मळेवाल्यांना पटलंय, ते याच पैशामुळे.

ट्रॅकर निवडताना एकच प्रश्न विचारा: पिल्लं असलेल्या मादीच्या किती जवळ नेणार? ‘हवं तितकं’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. चांगला ट्रॅकर मादीचा रस्ता कधी अडवत नाही. ती कुठे निघाली आहे हे ओळखून पुढे लांबवर बसवतो आणि तिला यायचं तर येऊ देतो. आवाज नाही, फ्लॅश नाही, धावपळ नाही. सार्मिएंतो आणि लागुना आमार्गा गेटांच्या मधल्या पायवाटेवर प्यूमाचा वावर दाट आहे. तिथे एकट्याने जाऊ नका, आणि गाइडबाबतचा चालू नियम गेटवर विचारून घ्या.

ट्रेकच्या वाटेवर प्यूमा अचानक समोर आलाच, तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली वाकायचं नाही. मुलांना लगेच जवळ ओढा. सगळे एकत्र उभे राहा, हात किंवा जॅकेट पसरून मोठे दिसा, खणखणीत आवाजात बोला आणि त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. अंधार पडताना किंवा पहाटे एकट्याने वाटेवर निघू नका.

प्यूमाखेरीज

न्यांदू हा शहामृगासारखा न उडणारा पक्षी पूर्वेच्या माळावर सहज दिसतो. त्याच्यामागे ठिपक्यांसारखी पंधरा-वीस पिल्लं पळताना दिसली तर मोठा पक्षी बाप आहे हे लक्षात घ्या. अनेक माद्या एकाच घरट्यात अंडी घालून निघून जातात, उबवणं आणि सांभाळणं सगळं नराकडे. वारा जोरात असला की तो बसतो आणि पिल्लं त्याच्या पिसांत घुसतात. गाडी जवळ नेऊ नका. पिल्लं पांगली की काराकारा टपलेलाच असतो.

काँडोरसाठी पेओए तळ्याकाठच्या कॅम्पसाइटजवळून वर जाणारी मिरादोर काँडोरची चढण चांगली. पंख पसरले की तीन मीटरपर्यंत रुंदी. पंख जवळजवळ न हलवता तो वाऱ्यावर तरंगत येतो, कधीकधी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर. गळ्याशी पांढरी झालर म्हणजे प्रौढ, आणि डोक्यावर तुरा असेल तर नर. सगळा तपकिरी दिसला तर तो दुसरा पक्षी नव्हे, काँडोरचंच लहान वयातलं रूप.

लागुना आमार्गाच्या खारट पाण्यात चिली फ्लेमिंगो असतात, इतर तळ्यांवर काळ्या मानेचे हंस. लेंगाच्या जंगलात ठकठक ऐकू आली तर थांबा. लाल डोक्याचा मॅगेलन सुतार नर माणसांना फारसा घाबरत नाही. कोल्हे दोन जातींचे, करडा छोटा आणि तांबूस मोठा. पार्किंगमध्ये ते खाऊ मागत येतात. एक बिस्कीटही देऊ नका.

आठवी पायरी: आग

हे वेगळं लिहितोय, कारण आपल्यातल्या ट्रेकर मंडळींना गुहेजवळ दगड मांडून चूल पेटवायची सवय असते. तिथे कुठेही, कसलीही शेकोटी पेटवायला बंदी आहे. गॅस स्टोव्हदेखील फक्त नेमून दिलेल्या स्वयंपाकाच्या जागेत. २००५ मध्ये एका पर्यटकाचा स्टोव्ह परवानगी नसलेल्या जागी कलंडला आणि सुमारे १५ हजार हेक्टर जळालं. २०११ च्या डिसेंबर अखेरीस पुन्हा आग लागली, त्यात १७ हजार हेक्टरांहून जास्त गेलं, आणि त्याही प्रकरणात एका पर्यटकावर कारवाई झाली. दोन्ही वेळा वाऱ्याने ठिणगीचा वणवा केला. लेंगाचं झाड आगीनंतर सहजासहजी फुटत नाही. साल्तो ग्रांदे धबधब्यापासून कुएर्नोस नावाच्या शिंगांसारख्या शिखरांच्या दर्शनाला जाणाऱ्या वाटेवर पांढरी पडलेली खोडं अजून उभी आहेत, ती हात लावून पाहा. वाटेवर सिगारेट नको, वापरलेला कागद जाळायचा नाही, पिशवीत भरून परत आणायचा.

दिवस कसे मांडाल

आत चार पूर्ण दिवस असावेत. पहिले दोन पूर्वेला, फक्त प्राण्यांसाठी, त्यातला एक ट्रॅकरबरोबर. पहाटे आणि संध्याकाळी माळावर, दुपारी झोप. तिसऱ्या दिवशी पेओए, साल्तो ग्रांदे आणि ग्रे तळ्याचा किनारा. चौथा दिवस सुळक्यांच्या पायथ्याच्या ट्रेकला ठेवा. जाऊन-येऊन सुमारे वीस किलोमीटर, आठ-नऊ तास, शेवटचा टप्पा धोंड्यांतून खडा चढ. कळसूबाई, हरिश्चंद्रगड नियमित करणाऱ्यांना झेपेल. पण वारा फार असेल आणि रक्षक थांबा म्हणाले, तर थांबायचं. एक दिवस जास्तीचा हाताशी असला तर उत्तम, हवामान तिथे कुणाचं ऐकत नाही.

ग्रे आणि पिंगो नदीच्या बाजूला गेलात तर झाडीच्या कडेला वेमुल शोधा. हे आखूड पायांचं, दाट केसांचं हरीण चिलीच्या राजचिन्हावर काँडोरसोबत आहे, आणि जगात आता दोन हजारांहूनही कमी उरलंय. दिसलं तर वाटेवरच उभे राहा, हळू बोला, पाठलाग करू नका. जागा, वेळ, किती होते आणि पिल्लू होतं का, एवढं टिपून घ्या आणि परतताना रक्षकांच्या चौकीवर सांगा.